लपणाचा मागोवा: बैलाच्या पोटापासून पाणवठ्यापर्यंत

एकोणिसावं शतक संपत आलं होतं तेव्हा इंग्लंडच्या एखाद्या कुरणात एक विचित्र बैल उभा दिसे. तो चरत नसे, शेपटी हलवत नसे, आणि त्याच्या पोटात रिचर्ड कीर्टन नावाचा गृहस्थ घामाघूम होऊन बसलेला असे. कातडं खऱ्या बैलाचं, आतला सांगाडा लाकडी, आणि कातड्याला पाडलेल्या भोकातून कॅमेऱ्याची काच बाहेर डोकावत असे. एकदा म्हणे रिचर्डला आत भोवळ आली आणि बैलासकट तो आडवा झाला. धाकटा भाऊ चेरी परत आला तेव्हा बैलाचे पाय आभाळाकडे. त्यानं आधी त्या दृश्याचा फोटो काढला आणि मग भावाला बाहेर ओढलं असं सांगतात. फोटोग्राफर मंडळींच्या स्वभावाशी हे जुळतं, म्हणून मला ते खरंच वाटतं.

कीर्टन बंधू यॉर्कशरच्या स्वेलडेल खोऱ्यातले, थ्वेट या लहानशा गावचे. 10 एप्रिल 1892 रोजी लंडनच्या उत्तरेला एनफिल्डजवळ चेरीनं साँग थ्रशच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसह, फोटो घेतला आणि दोघांना नाद लागला. 1895 मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ निघालं. पेंढा भरलेले पक्षी नाहीत, हाताने काढलेली चित्रं नाहीत, सगळी छायाचित्रं रानात जाऊन घेतलेली, असं हे पहिलं पुस्तक मानतात. घरटं जागचं हलत नाही, त्यामुळे त्याचा फोटो मिळाला. घरट्यावर येणारा पक्षी मात्र माणूस दिसताच पसार होई. मग बैल आला. पोकळ झाडाचं खोटं खोड आलं, कचऱ्याचा ढीग आला, आणि पेंढा काढलेली एक मेंढीही आली. मेंढीत माणूस मावत नव्हता, कॅमेरा मावत होता.

हा सगळा खटाटोप वेडेपणाचा वाटतो, पण त्यामागे साधं गणित होतं. त्या काळच्या काचेच्या प्लेटा मंद होत्या आणि लांबचं जवळ आणणारी चांगली भिंगं जवळपास नव्हतीच. चिमणीएवढा पक्षी प्लेटवर ओळखू येण्याइतका मोठा यायचा तर कॅमेरा त्याच्यापासून काही फुटांवरच हवा. छऱ्याची बंदूक चाळीस पावलांवरून पक्षी पाडते. म्हणजे पक्षी मारायला जेवढं जवळ जावं लागतं, त्याच्या कितीतरी अधिक जवळ त्याचा फोटो काढायला जावं लागत होतं. लपण्याची विद्या फोटोग्राफरांनी शिकाऱ्यांकडून उचलली यात नवल नाही. ती उचलून तिला शिकाऱ्यापेक्षा पुढे न्यावं लागलं, ही खरी गोष्ट.

शिकाऱ्याची विद्या फार जुनी. युरोपात शिकवलेल्या घोड्याच्या आडून, नाहीतर कापडावर रंगवलेल्या गाईबैलाच्या आडून पक्ष्यांच्या थव्यापर्यंत पोचत. आपल्याकडे हेच फासेपारध्यांनी जिवंत जनावरानं केलं, आणि त्यांचं काम कीर्टनच्या बैलापेक्षा सरस होतं असं माझं स्पष्ट मत आहे. माळावर चरणारी गाय ही तित्तर-लाव्यांच्या रोजच्या ओळखीची. पारध्याची गाय शिकवलेली असे. तो तिच्या अंगाला लागून, वाकून चाले. गाय एक घास घेई, दोन पावलं टाके, पुन्हा एक घास घेई. पक्ष्यांच्या वाटेवर फाशांची ओळ रोवून झाली की गाईच्याच आडून वळसा घालून तो पलीकडे जाई आणि पक्ष्यांना न बुजवता, चालत चालत, फाशांकडे लोटत नेई. पक्षी उडाला की डाव संपला, म्हणून सगळी करामत त्याला उडू न देण्यात. याच कौशल्यामुळे एका पोटजातीला गाय पारधी असं नावच पडलं. इंग्रज सरकारनं या लोकांना गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं. त्यांच्या हातातलं पक्ष्यांचं ज्ञान मात्र साहेबाच्या शिकारखान्याला चालत होतं.

राजेसाहेबांचा आडोसा वेगळा. त्याला विद्या लागत नाही, माणसं लागतात. भरतपूरच्या केवलादेव तळ्यात बंदूकधाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असत आणि हाकारे बदकांना उठवत. तिथे आजही दगडी फलक उभे आहेत, त्यांवर तारखा, पाहुण्यांची नावं आणि मेलेल्या पक्ष्यांचे आकडे कोरलेत. 12 नोव्हेंबर 1938 ची नोंद व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीची: एका दिवसात 4,273 पक्षी. हे तळं पुढे अभयारण्य झालं, मग राष्ट्रीय उद्यान. जिथे बंदुका रोखल्या जात त्या बांधांवरून आज तिवया रोवल्या जातात.

असाच पालट इंग्लंडात सेव्हर्न नदीकाठी झाला. पीटर स्कॉट हा तरुणपणी हंसबदकांचा पट्टीचा शिकारी. 1945 च्या हिवाळ्यात तो स्लिमब्रिजला गेला आणि महायुद्धात शत्रूवर गोळ्या झाडण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या मोर्च्याच्या फटीतून त्यानं हंसांचा थवा न्याहाळला. पुढच्याच वर्षी त्यानं तिथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. आज जगभरच्या पाणथळींवर लोकांसाठी बांधलेली, लांबट फटीची जी लाकडी लपणं दिसतात त्यांचं रूप त्या मोर्च्याशी फार जुळतं.

पण आपण जरा पुढे आलो. कीर्टनच्या वेळी अमेरिकेत दोन माणसं याच प्रश्नाशी झटत होती. न्यू यॉर्कच्या संग्रहालयातले फ्रँक चॅपमन यांनी छत्रीला हिरवं कापड लावून, ते खाली जमिनीपर्यंत सोडून, काखेत मारून नेता येईल असा आडोसा केला. ओहायोतले प्राध्यापक फ्रान्सिस हेरिक यांनी सरळ एक तंबू घेतला. या दोघांनी जे सिद्ध केलं त्यानं बैलाचा निकाल लागला. पक्ष्याला तुमचं सोंग नको असतं. समोरची वस्तू बैलासारखी दिसते की पेटीसारखी, याची त्याला फिकीर नाही. ती एकाएकी उगवू नये, वाऱ्यानं फडफडू नये आणि तिच्यातून माणसाचा आकार बाहेर पडू नये, एवढंच त्याला हवं. म्हणून लपण आधी लांब उभारायचं, रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं. पक्षी बुजला तर एक दिवस थांबायचं. भिंगाची सवय व्हावी म्हणून कापडाच्या भोकात बाटलीचं बूड खोचून ठेवण्याचीही रीत पडली.

आणि एक सोबती हवा. दोघांनी लपणाकडे जायचं, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं हातवारे करत, दिसेल असं निघून जायचं. पक्ष्याला वाटतं धोका गेला. ही युक्ती फोटोग्राफरांची नव्हे. अठराव्या शतकात वर्सायच्या राजशिकारीवर नेमलेल्या शार्ल-जॉर्ज लरॉय यानं एका मॅगपायची, म्हणजे कावळ्याच्या भाऊबंदाची, हकिकत लिहून ठेवली आहे. त्याला मारायला झाडाखालच्या झोपडीत माणूस लपवला की पक्षी दूर बसून राही, तो माणूस बाहेर पडेपर्यंत. दोन जण आत गेले आणि एक बाहेर आला, तरी फसेना. तिघांचा आणि चौघांचा प्रयोगही वाया गेला. पाच-सहा जण आत गेले तेव्हा कुठे त्याचा हिशेब चुकला. बहुतेक पक्षी दोनालाच फसतात. कावळ्यांच्या कुळाशी गाठ असेल तर मात्र मित्र बरेच लागतात.

हेरिकची दुसरी युक्ती मला आजही खटकते. 1901 च्या ‘द होम लाइफ ऑफ वाइल्ड बर्ड्स’मध्ये तो ती अभिमानानं सांगतो. घरटं दाट झाडीत, उंचावर असेल तर फांदीच कापायची, घरट्यासकट उघड्यावर आणायची, डोळ्यांच्या उंचीला खांबाला बांधायची आणि शेजारी तंबू ठोकायचा. पिल्लं ठरावीक वयाची झाली की आईबापांची माया भीतीला मागे टाकते, ते येतातच, हा त्याचा सिद्धांत. ते येत, हे खरं. त्याच्या निरीक्षणांतून पिल्लांना दिवसातून किती वेळा भरवलं जातं, घरटं कसं स्वच्छ ठेवतात, अशी माहिती पहिल्यांदाच इतक्या तपशिलात आली, हेही खरं. पण प्रेमाचा फायदा घेऊन काढलेला फोटो तो. पुढची साठ-सत्तर वर्षं पक्ष्यांचं छायाचित्रण याच पायावर उभं राहिलं: जगातला कुठलाही लाजरा पक्षी एका जागी नक्की येतो, आणि ती जागा म्हणजे घरटं.

त्या काळातली मला सगळ्यांत आवडणारी व्यक्ती एमा टर्नर. 1900 मध्ये रिचर्ड कीर्टनशी भेट झाली आणि तिशी ओलांडलेल्या या बाईंनी कॅमेरा हाती घेतला. नॉरफोकच्या पाणथळीत, हिकलिंगला, ‘वॉटर रेल’ नावाच्या नावघरात त्या वर्षानुवर्षं राहिल्या. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला, बोरूच्या बनात मान आभाळाकडे ताणून बोरूसारखाच उभा राहणारा पक्षी ब्रिटनमध्ये वीण करेनासा झाला होता. 1911 मध्ये टर्नर आणि तिथला रखवालदार जिम व्हिन्सेंट यांना त्याचं पिल्लू सापडलं. टर्नरबाईंचा फोटो हा तो पक्षी परतल्याचा पुरावा ठरला. पूर्वी असा पुरावा म्हणजे मारून आणलेला पक्षीच असे.

एरिक हॉस्किंगनं या कामाचा पूर्णवेळ धंदा केला आणि किंमतही दिली. 1937 साली वेल्समध्ये डोल्डोलॉडला तो टॉनी घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणावर अंधारात चढत होता. घुबड आवाज न करता आलं आणि नखी डाव्या डोळ्यात रुतली. डोळा गेला. उरलेल्या डोळ्यावर त्यानं अर्धं शतक काम केलं आणि आत्मचरित्राला नाव दिलं ‘ॲन आय फॉर अ बर्ड’.

भारतात हे तंत्र ज्या वाटांनी रुजलं त्यांतल्या एकीवरही डोळ्यांचाच एक अपघात आहे. लोक वान थो हे सिंगापूरचे सिनेमा-व्यवसायातले धनिक. 1942 मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा ते जहाजानं निघाले, जहाजावर बॉम्ब पडला, अंग भाजलं आणि काही काळ दृष्टी गेली. ते भारतात पोचले, मुंबईत सलीम अली भेटले आणि दोघांची जन्माची मैत्री जमली. सलीम अलींना रानात हिंडण्याची दृष्टी होती, लोक यांच्याकडे उत्तम कॅमेरे आणि पैसा. युद्धानंतरही लोक पुन्हा पुन्हा येत राहिले, सलीम अलींच्या कित्येक दौऱ्यांचा खर्च त्यांनी उचलला. 1957 मध्ये त्यांचं ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ निघालं. 1964 मध्ये तैवानात विमान कोसळून ते गेले. नंतरच्या पिढीत बंगळुरूच्या टी. एन. ए. पेरुमाळ यांनी, ओ. सी. एडवर्ड्स यांच्या हाताखाली शिकून, हे काम देशभर नेलं. फिल्मचा एक रोल म्हणजे 36 चित्रं. दिवसभर कापडात उकडत बसून तो अर्धा संपला तरी खूप, असा तो काळ.

आता घरट्याचा निकाल. घरट्यावरचा फोटो आज पुष्कळ स्पर्धा घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. समोरची पानं ‘थोडी’ बाजूला बांधली की सावली जाते. वैशाखात उघड्या पडलेल्या पिल्लाला अर्धा तास ऊन पुरतं. माणसाच्या ये-जा करण्यानं कावळ्याला आणि मांजराला वाट कळते. धनेशाचं तर आणखी नाजूक. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फटीतून चोच तेवढी दिसते, आणि कित्येक आठवडे तिचं व पिल्लाचं पोट नराच्या फेऱ्यांवर. झाडाखाली दहा तिवया दिसल्या आणि नर वरच्यावर परतला, तर आत कोणाला काय सोसावं लागतं ते फोटोत येत नाही. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही बसतं. ब्रिटनच्या 1981 च्या कायद्यानं दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी परवान्याशिवाय त्रास द्यायला मनाई आहे. हॉस्किंगच्या काळातले कित्येक गाजलेले फोटो आज कोणी काढले तर त्याला कोर्टात उभं राहावं लागेल.

घरटं बंद झालं तसं लपण पाण्याकडे वळलं. शिकारी मचाण बांधून पाणवठ्यावर बसत ती जागा पुन्हा कामी आली. वन विभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री लोकांना मचाणावर बसवतो तीही तीच परंपरा, बंदूक वजा करून. दरम्यान लांब पल्ल्याची भिंगं आली, डिजिटल कॅमेरा आला, मग आवाजच न करणारा शटर आला. भिंग लांबलं तसं लपण खरं तर अनावश्यक व्हायला हवं होतं. झालं उलटंच. मोटार हे सगळ्यांत सोपं लपण ठरलं. कडबनवाडीच्या माळावर दार न उघडता, खिडकीवर वाळूची पिशवी ठेवून भोवत्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे ठाऊक आहे. आणि हंगेरीच्या बेन्स माटेनं लपणाला एकतर्फी काच बसवली, आत खुर्ची ठेवली, भिंग पाण्याच्या पातळीवर आणलं. पक्षी आणि त्याचं प्रतिबिंब एकाच चौकटीत. 2010 मध्ये तो जगातला सर्वोत्तम वन्यजीव छायाचित्रकार ठरला, आणि त्याच्या लपणांच्या नकला सगळीकडे झाल्या.

आपल्याकडे केरळातलं थट्टेकाड, कुमाऊंमधलं सातताल, कर्नाटकातलं गणेशगुडी ही नावं या पंथातल्या माणसाला तोंडपाठ असतात. हिरव्या जाळीचा आडोसा, समोर उथळ कुंड, त्यावर एक वाकडी फांदी. नवरंग, मलबारी कर्णा, स्वर्गीय नर्तक क्रमानं येतात. (फांदीवर शेवाळ मुद्दाम चढवलेलं असतं. स्पर्धांचे निकाल बघताना पक्ष्याआधी ती फांदी ओळखता येते.) याची मी सरसकट निंदा करणार नाही. ज्या शेतकऱ्याला बागेतल्या झाडांखालच्या कुंडामुळे पैसे मिळतात तो ती झाडं तोडत नाही, आणि भिगवणला उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांना रोहित पक्ष्यामुळे, म्हणजे फ्लेमिंगोमुळे, दुसरा रोजगार मिळाला हे डोळ्यांना दिसतं. स्वच्छ पाणी ठेवणं यात मला काही वावगं वाटत नाही. पण पाण्यापाठोपाठ जिवंत अळ्या येतात, मग मोबाइलवर प्रतिस्पर्धी नराची शीळ वाजते, विणीच्या दिवसांत तो बिचारा घरट्याची राखण सोडून दिसत नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो. तिथे लपणाचा अर्थच उरत नाही. माणसाची चाहूल पक्ष्याला लागू नये, म्हणजे तो आपल्या मर्जीनं वागेल, यासाठी एमा टर्नर बोरूत बसल्या होत्या. इथे आमिष माणूस ठरवतो, फांदीही तोच आणि वेळही तोच. हा पारध्याचाच फासा, फक्त दोरा नाही. आणि पारध्याला निदान पोटाची सबब होती.

या वंशावळीची एक फांदी अगदी दुसरीकडे गेली आहे, तिथे लपणात माणूसच नाही. जेर्डनचा धाविक हा आंध्रातल्या काटेरी रानात रात्री वावरणारा पक्षी. 1900 नंतर तो कोणालाच दिसला नव्हता. जानेवारी 1986 मध्ये कडप्पाजवळ तो सापडला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधमोहिमेत, पण हाती आला ऐतण्णा नावाच्या स्थानिक पक्षी धरणाऱ्याच्या. पुढे त्याचा माग काढायला झुडपांमधल्या वाटांवर मऊ मातीचे पट्टे अंथरले आणि आपोआप चालणारे कॅमेरे लावले. एकानं पायाचे ठसे टिपायचे, दुसऱ्यानं चेहरा. पक्षी धरणाऱ्यांवाचून आपल्या पक्षिशास्त्राचं पान हललेलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कडी घालण्याच्या कामात बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन यांच्या हातानं हजारो पक्षी इजा न होता धरले गेले आणि सोडले गेले. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात गवतातून उंच उडी घेणारा तणमोर हुडकायचा तर आजही फासेपारध्यांच्या पोरांना विचारावं लागतं. त्यातले काही जण आता त्या माळांची राखण करतात.

पुढच्या हंगामात कुठल्या लपणात जागा घ्याल तर पैसे देण्याआधी मालकाला विचारा: कुंडातलं पाणी रोज बदलता का, अळ्या टाकता का, आवाज वाजवता का, जवळ घरटं आहे का. शेवटच्या प्रश्नाला हो असं उत्तर आलं तर तिथे बसू नका. आणि जिथे पक्षी येईलच याची कोणी हमी देत नाही, तिथे पाण्याची बाटली घेऊन पहाटे अंधार असतानाच जाऊन बसा.